कामिनोचे शेवटचे दोन आठवडे आणि राहून गेलेली परतवारी

पायवाट | 24 नोव्हेंबर 2024

घरी येऊन महिना होत आला. बॅग माळ्यावर गेली, बूट धुऊन वाळले, फोटो सगळ्यांना पाठवून झाले. तरी रोज पहाटे पाचला जाग येते आणि हात उशीखाली हेडलाइट शोधतो. मग दोन मिनिटं तशीच पडून राहते. आज कुठल्या गावाला जायचंय, हे आठवायचा प्रयत्न करते आणि कुठेच जायचं नाहीये हे कळल्यावर उठून चहा टाकते.

कामिनोबद्दल, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेबद्दल, मराठीत आता बरंच वाचायला मिळतं. व्हिसा, बूट, बॅगेचं वजन, पिरेनीजचा पहिला चढ यावर पुष्कळांनी लिहिलंय. मला शेवटच्या दिवसांबद्दल आणि परत येण्याबद्दल लिहायचंय, कारण त्याबद्दल मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोंपोस्तेला नावाचं गाव आहे. येशूचे शिष्य संत याकोब यांचं दफन तिथे झालंय अशी श्रद्धा आहे आणि नवव्या शतकापासून लोक तिथे चालत जातात. वाटा अनेक आहेत. आम्ही धरली ती फ्रेंच वाट, म्हणजे फ्रान्सच्या हद्दीतल्या सें-झां-प्ये-द-पोर गावापासून सुमारे 780 किलोमीटर. आम्ही सात जण होतो: मी आणि आमचे हे, माझ्या नणंदबाई (वय 67, यापुढे वन्सं), डॉक्टर आणि डॉक्टरीणबाई, शाळेतून निवृत्त झालेले सर, आणि आमच्या सोसायटीतला दादा, जो आमच्यात सगळ्यात लहान, 44 वर्षांचा. दर रविवारी सिंहगड चढणारा हा ग्रूप. गौरी विसर्जन करून निघालो आणि 15 सप्टेंबरला चालायला लागलो.

6 ऑक्टोबरला लिओनला पोचलो तेव्हा 300 च्या वर थोडे किलोमीटर उरले होते. तोपर्यंत पायांचं रडगाणं संपलेलं असतं. फोड येऊन, सुई-दोऱ्याने फोडून, वाळून कातडी जाड झालेली असते. सकाळी न बोलता बॅगा भरल्या जातात. कोण आधी बाथरूमला जाणार, कुणाचं घोरणं कुठल्या कुशीवर थांबतं, सगळं ठाऊक झालेलं असतं. सूर्य ऑक्टोबरात तिथे साडेआठच्या सुमारास उगवतो, त्यामुळे पहिला तास-दीड तास अंधारात, सात दिव्यांची रांग. मला त्या रांगेत शेवटून दुसरं चालायला आवडायचं.

आस्तोर्गा गावात पावसात अडकलो. गौदीने बांधलेला बिशपचा वाडा तिथे आहे, तो बघून झाला, आणि मग एका घरगुती सामानाच्या दुकानात दादाने एक पातेलं घेतलं. ॲल्युमिनियमचं, दीड-दोन लिटरचं, नऊ युरोला. कारण आम्हाला कुणीतरी बजावलं होतं की पुढे गालिसिया प्रांत लागला की सरकारी आल्बेर्गेत (यात्रेकरूंच्या धर्मशाळेत) स्वयंपाकघर असतं, शेगडी असते, पण भांडी नसतात. हे अगदी खरं निघालं. पातेलं दादाच्या बॅगेला बाहेरून बांधलं होतं. त्यात काठीची कडी लागून टण् टण् वाजत राहायचं आणि धुक्यात दादा दिसला नाही तरी कुठे आहे ते कळायचं.

क्रूस दे फेरो ही जागा दीड हजार मीटर उंचीवर आहे. एक उंच लाकडी खांब, टोकाला छोटा लोखंडी क्रूस, आणि पायथ्याशी दगडांची टेकडीच झालेली. घरून आणलेला दगड तिथे ठेवायचा अशी रीत आहे. वन्संचं माहेर सासवड. त्यांनी कऱ्हेतला एक खडा आणला होता, लिंबाएवढा, एका बाजूने चपटा. भावोजी जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. त्यांनी खडा ठेवला, हात जोडले, काही बोलल्या नाहीत. पण तिथून मोलिनासेकापर्यंतचा उतार (गुडघे मोडतील असा, निसरड्या पाटीच्या दगडांचा) उतरताना मी त्यांच्या मागे होते. दर थोड्या वेळाने त्यांचा हात जाकिटाच्या उजव्या खिशात जायचा आणि रिकामा बाहेर यायचा. सत्तावीस दिवस तो खडा त्या खिशात होता.

दुसऱ्या दिवशी 12 ऑक्टोबर, दसरा. योगायोग असा की तो स्पेनचाही राष्ट्रीय सुट्टीचा दिवस, त्यामुळे दुकानं बंद. काकाबेलोसच्या अलीकडे वाट द्राक्षाच्या मळ्यांतून जाते. काढणी झालेली होती, वेलींची पानं पिवळी पडलेली. सरांनी गळून पडलेली सात पानं वेचली आणि प्रत्येकाच्या हातात दिली. "सोनं घ्या." लहानांनी मोठ्यांच्या पाया पडायचं म्हणून दादा वन्संच्या पाया पडायला वाकला, तर पाठीवरच्या बॅगेसकट पुढेच कोलमडला. वन्संनीच त्याला दंडाला धरून उभं केलं.

व्हियाफ्रांकात एका चर्चला 'क्षमेचं दार' आहे. जुन्या काळी जो यात्रेकरू आजारपणामुळे पुढे जाऊ शकत नसे त्याला त्या दारातच सांतियागोला पोचल्याचं पुण्य मिळे. एरवी ते दार बंद असतं, 25 जुलैला रविवार येईल त्या पवित्र वर्षीच उघडतं, म्हणजे आता 2027 मध्ये. डॉक्टरीणबाईंचा गुडघा मोलिनासेकाच्या उतारापासून सुजला होता. त्या त्या बंद दारासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "ज्यांनी हे दार ठेवलं त्यांना चालणाऱ्यांची माया होती." आणि काठ्या उचलून चालायला लागल्या.

ओ सेब्रेइरो हा शेवटचा मोठा चढ. वर गवताने शाकारलेली दगडी गोल घरं आहेत. तिथे इलियास वालिन्या नावाचे एक धर्मगुरू होते. ही वाट जवळपास मोडीत निघाली होती, तेव्हा 1984 च्या सुमारास त्यांनी आपल्या छोट्या गाडीत पिवळा रंग घेऊन जागोजागी बाण काढले. महिनाभर ज्या पिवळ्या बाणांच्या भरवशावर चाललो ते या माणसाचे. त्यांच्या पुतळ्यापाशी आम्ही सगळ्यांनी खाली वाकून नमस्कार केला.

आता अवघड भाग. सार्रियापासून सांतियागो सुमारे 115 किलोमीटर. प्रमाणपत्रासाठी शेवटचे 100 किलोमीटर चालणं पुरतं, त्यामुळे सगळ्यात जास्त लोक इथून सुरुवात करतात आणि वाटेवर एकदम गर्दी होते. 16 तारखेला सार्रियात पोचलो. कोजागिरी होती. मी आस्तोर्गापासून थोडं केशर आणि बदाम जपून ठेवले होते. पातेल्यात दूध ठेवलं. आणि त्याच वेळी भांडण झालं.

डॉक्टरांचं म्हणणं, बाईंचा गुडघा बघता आता सगळ्यांच्या बॅगा गाडीने पुढे पाठवू आणि मोठे टप्पे करू. म्हणजे सांतियागोत एक दिवस जास्त मिळेल. सर म्हणाले, ओझं आपलं आपण वाहायचं, एवढं आल्यावर आता नाही. आवाज चढले. 'हे' मध्ये पडले आणि आणखी चढले. आजवर साठवलेलं सगळं निघालं: कोण रोज उशीर करतं, कुणासाठी किती थांबलो, बिल कुणी किती वेळा दिलं. एकतीस दिवस जे लोक एकमेकांचे फोड साफ करत होते ते. मागे दूध उतू गेलं. शेगडीवर सगळं पसरलं, तळाला लागलं. मी आणि वन्संनी न बोलता पुसून घेतलं. उरलेलं अर्धा-अर्धा कप सगळ्यांना दिलं. बाहेर ढग होते. चंद्र दिसला, पण गेलाही लगेच.

तोडगा निघाला: बाईंची बॅग गाडीने, बाकीच्यांच्या पाठीवर. पण त्यानंतरचे सहा दिवस रांग राहिली नाही. सर आणि दादा पुढे, डॉक्टर मंडळी मागे, आम्ही मधे. पोर्तोमारीनचं पाणी, मेलिदे, निलगिरीची जंगलं, खांबांवर उभी असलेली धान्याची दगडी कोठारं, सगळं पाहिलं. दर थोड्या अंतरावर दगडी खुणा आहेत, त्यावर उरलेलं अंतर मीटरपर्यंत लिहिलेलं. तो आकडा कमी होताना आनंद व्हायला हवा होता. मला तो नको नको वाटायचा.

22 ला पोचलो. मोंते दो गोसो म्हणजे आनंदाचा डोंगर, तिथून चर्चचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. सर आणि दादा तिथे थांबले होते. दोन तास. पावसात. शेवटचे पाच किलोमीटर सात जण एकत्र चाललो. कमानीखाली एक जण गालिसियाची पुंगीवाली पिशवी, गाइता, वाजवत होता. त्या आवाजातून ओब्रादोइरो चौकात उतरलो आणि फरशीवर बॅगेला टेकून बसलो. वन्संनी सगळ्यांच्या पाठीवरून हात फिरवला. रडलो सगळेच.

मग 23 ला प्रमाणपत्रं आणि खरेदी, 24 ला माद्रिदची रेल्वे, 25 ला विमान, 26 ला पहाटे चार वाजता मुंबई. विमानतळावर बॅगा एकेक करून आल्या तसा एकेक जण निघाला. डॉक्टरांची गाडी आली होती. दादाला ऑफिसचा फोन. सरांनी दुरूनच हात केला. चाळीस दिवस एका खोलीत झोपलेली सात माणसं दहा मिनिटांत पांगली. दोन दिवसांनी वसुबारस. फराळ, आकाशकंदील, पाहुणे. दिवाळी संपली तेव्हा लक्षात आलं, आम्ही सात जण परत भेटलोच नाही. फोन झाले, भेट नाही.

पोचायचं नियोजन आम्ही वर्षभर केलं. परतायचं एक दिवसही केलं नाही. तुमच्यापैकी कुणाला असं झालंय का? मोठी यात्रा, मोठा ट्रेक, परदेशातली लांब सहल. परत आल्यावर तुम्ही काय केलंत?

---

डोंगरवेडा | 24 नोव्हेंबर 2024

ताई, वाचताना गळा दाटला. खड्याचा भाग दोनदा वाचला. आम्ही चौघं पुढच्या सप्टेंबरात जायचं म्हणतोय. शुद्ध शाकाहारी आहोत. शेवटच्या टप्प्यात जेवणाचं काय केलंत? आणि सात जणांचं बुकिंग आधी केलं होतं का?

---

पायवाट | 25 नोव्हेंबर 2024

@डोंगरवेडा, धन्यवाद. बुकिंग सार्रियापर्यंत एक-दोन दिवस आधी फोनवर करत गेलो, सार्रियानंतरचं लिओनमध्ये बसून एकदमच केलं. सात जण असाल तर शेवटचा टप्पा नशिबावर सोडू नका.

जेवण: 'शाकाहारी' एवढं सांगून भागत नाही. मिक्स सॅलडवर टूना मासा येतो, मसुराच्या आमटीत चोरिसो (डुकराच्या मांसाचं सॉसेज) असतो, आणि गालिसियातलं पालेभाजी-बटाट्याचं सूप, काल्दो, दिसायला शाकाहारी पण त्यात बहुधा डुकराची चरबी असते. "सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन" (मांस नको, मासे नको, हॅम नको) असं एका दमात सांगायचं. बटाट्याचं जाड आम्लेट, तोर्तिया, सगळीकडे मिळतं, अंडं चालत असेल तर. पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तेलात परतून मीठ घालून देतात, आमच्या सगळ्यांच्या आवडत्या. आर्सुआचं चीज ब्रेडबरोबर. आणि पातेलं घ्याच. तांदूळ आणि मसूर प्रत्येक गावात मिळतात. हळद-तिखटाची पुडी घरून न्या.

---

नीरेकाठ | 25 नोव्हेंबर 2024

मी लोणंदचा. 22 वर्षं माउलींच्या पालखीबरोबर चालतो. तुमचं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून खातं उघडून लिहितोय.

ताई, आमच्याकडे परतवारी आहे. आषाढी एकादशी झाली की टीव्हीवाले निघून जातात, लोकांना वाटतं वारी संपली. संपत नाही. पौर्णिमेला गोपाळपुरात काला होतो आणि माउली परत निघतात. त्याच वाटेने, पायी. जाताना अठरा-वीस दिवस लागतात, येताना दहा-अकरा. वद्य एकादशीच्या आत आळंदी. जाताना लाखो माणसं, येताना थोडकी. शेतं वाट बघत असतात, पेरणी-खुरपणी टाकून आलेला माणूस एकादशीनंतर एसटी धरतो, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण जे परत चालतात त्यांना विचारा.

जाताना रिंगण, फुगड्या, फराळाचे ट्रक. येताना टप्पे लांब, पाऊस अंगावर, पाय भराभर. गावं तीच, पण गावातली माणसं आता निवांत बोलतात. जाताना ज्या माउलीने पिठलं-भाकरी वाढली ती येताना विचारते, "झालं का दर्शन?" त्या विचारण्यासाठी मी परत चालतो. दर्शन झालं हे कुणाला तरी सांगावं लागतं, आणि ते वाटेवरच्यालाच सांगायचं असतं. घरच्यांना नीट सांगता येत नाही.

माझी पहिली चार वर्षं मीही एकादशीला एसटीने परत यायचो. घरी येऊन तुमच्यासारखंच व्हायचं. आठ-आठ दिवस कशात लक्ष लागायचं नाही. आजा म्हणायचा, "तू गेलास, पण आला नाहीस अजून." त्याच्या सांगण्यावरून पाचव्या वर्षी परत चाललो.

---

पायवाट | 25 नोव्हेंबर 2024

@नीरेकाठ, दादा, तुमचा प्रतिसाद वन्संना वाचून दाखवला. सासवडच्या लेक असून त्यांनी परतवारी लहानपणी नुसती दारातून पाहिली होती. "तेव्हा आम्ही पाणी द्यायला बाहेर यायचो, पण चालावं असं मनातही आलं नाही," म्हणाल्या. "तू गेलास, पण आला नाहीस अजून." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं आहे.

---

सार्रियाहून | 26 नोव्हेंबर 2024

लेख मनापासून आहे, पण एक गोष्ट टोचली. मी याच वर्षी मे महिन्यात सार्रियाहून चालले. "शेवटचे 100 किलोमीटर पुरतात" आणि "एकदम गर्दी होते" या वाक्यांत आम्ही कुठेतरी उपऱ्या झालो. मला नोकरीतून एवढीच रजा मिळाली. केमो संपून सात महिने झाले होते. त्या 115 किलोमीटरसाठी मी सात महिने जिन्यावर सराव केला. वाटेत लांबून आलेले काही लोक आमच्या स्वच्छ बुटांकडे बघायचे, ती नजर विसरता येत नाही.

---

पायवाट | 26 नोव्हेंबर 2024

@सार्रियाहून, तुमची मनापासून क्षमा मागते. ती नजर आमचीही होती, सरांची आणि माझी जास्त. पालास दे रेईला एका बाकावर एक बाई पाय सोडून बसल्या होत्या, नवेकोरे बूट. मी हसले नाही, बोललेही नाही, पुढे गेले. आज तुमचं वाचून त्या आठवल्या. लेखातली वाक्यं बदलत नाही, म्हणजे तुमचा प्रतिसाद वाचणाऱ्याला संदर्भ लागेल. तुमच्या त्या चालण्याबद्दल वेगळा धागा काढाल का? मी पहिली वाचणार.

---

उजनीकाठ | 28 नोव्हेंबर 2024

पोर्तोमारीनबद्दल थोडं जास्त लिहायला हवं होतंत. साठच्या दशकात मिन्यो नदीवर धरण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. तिथलं बाराव्या-तेराव्या शतकातलं चर्च दगड दगड सुटा करून, प्रत्येक दगडावर आकडा घालून वर टेकडीवर पुन्हा उभं केलं. ते आकडे अजून दगडांवर दिसतात. पाणी उतरलं की जुन्या गावाच्या भिंती वर येतात. आमच्याकडे उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा त्या गावची म्हातारी माणसं बघायला जातात. माझे आजोबा जायचे. मी कामिनोला गेलो नाही, पण त्या गावात मला जायचंय.

---

पायवाट | 28 नोव्हेंबर 2024

@उजनीकाठ, खरंय. आकडे आम्ही पाहिले, बोटाने गिरवलेही. ऑक्टोबरात पाणी खाली गेलेलं होतं, पुलावरून जुन्या भिंतींच्या रेषा दिसत होत्या. त्या दिवशी ग्रूपमध्ये अबोला होता म्हणून मी त्या गावाला न्याय दिला नाही.

---

तेजोकाठी | 1 डिसेंबर 2024

लिस्बनमध्ये राहतो. पोर्तुगीज वाटेने दोनदा आणि फ्रेंच वाटेने एकदा चाललोय. परतण्याबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे.

जुन्या काळी परत चालत जाण्याशिवाय इलाजच नव्हता. म्हणून तर शिंपला. गालिसियाच्या किनाऱ्यावरचा शिंपला टोपीला लावून माणूस महिनोन्महिने चालत घरी यायचा, तीच त्याची खूण. म्हणजे निम्मी यात्रा परतीची होती. रेल्वे आणि विमानाने ती निम्मी काढून घेतली. आजही उलट चालणारे क्वचित भेटतात. त्यांना बाण सापडत नाहीत, कारण बाण एकाच दिशेचे. प्रत्येक वळणावर मागे वळून बघावं लागतं.

ज्यांना एवढं जमणार नाही त्यांच्यासाठी: सांतियागोहून फिनिस्तेरे सुमारे 90 किलोमीटर, तीन-चार दिवस. लॅटिनमध्ये 'जमिनीचा शेवट'. दीपगृहाजवळच्या दगडावर अंतर शून्य लिहिलंय. पुढे नुसता अटलांटिक. पूर्वी लोक तिथे कपडे जाळायचे, आता ते मना आहे आणि योग्यच आहे. फिनिस्तेरे ते मुशिया (किनाऱ्यावरचंच दुसरं गाव) या तुकड्यावर मात्र दोन्ही दिशांच्या खुणा आहेत. मी पहिल्यांदा फिनिस्तेरेला जाऊन परत त्याच वाटेने उलटा चाललो तेव्हा समोरून येणारा प्रत्येक जण "किती राहिलं?" विचारायचा. तीन दिवस मी फक्त उत्तरं देत होतो. त्या तीन दिवसांत माझी यात्रा संपली. सांतियागोच्या चौकात संपली नव्हती.

@डोंगरवेडा, विमानाचं तिकीट पोचायच्या दिवसानंतर किमान पाच दिवसांनी काढा.

---

माळ्यावरची पेटी | 3 डिसेंबर 2024

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. माझी आई पाच वर्षांपूर्वी तिच्या भिशीच्या मैत्रिणींबरोबर नर्मदा परिक्रमेला गेली होती, गाडीने नाही, पायी. परत आली तेव्हा आम्ही सगळे स्टेशनवर हार घेऊन. घरी पुरणपोळी. पहिल्याच दिवशी मी तिला सांगितलं, "आई, आता आराम कर, सगळं विसर." दोन दिवसांनी पाहिलं, आई पलंगावर न झोपता खाली चटईवर झोपली होती आणि पिशवी तशीच बांधलेली. मी रागावले. तिने पिशवी सोडली, सामान कपाटात ठेवलं, आणि त्यानंतर परिक्रमेबद्दल बोलायची बंद झाली.

हे वाचून काल तिला फोन केला. म्हटलं, कुठल्या घाटावर कोण भेटलं होतं ते सांग. दीड तास बोलली. मैत्रिणीने शूलपाणीच्या झाडीत पाय मुरगळला होता, हे मला पाच वर्षांनी कळलं.

घरी थांबलेल्यांना एवढंच सांगते, आलेल्या माणसाची पिशवी त्याची त्याला सोडू द्या.

---

डोंगरवेडा | 3 डिसेंबर 2024

+1. तिकीट बदललं. सहा दिवस ठेवले.

---

पायवाट | 22 जुलै 2025

धागा वर आणतेय.

डिसेंबरात नीरेकाठ यांचा प्रतिसाद मी आमच्या सात जणांच्या ग्रूपवर टाकला होता. कुणी काही बोललं नाही. दोन दिवसांनी सरांचा एका ओळीचा निरोप: "जुलैत येतो." मग एकेक करून सगळ्यांचा होकार.

सगळी परतवारी आम्हाला झेपणारी नव्हती. डॉक्टरीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये झालंय. म्हणून जेजुरी ते सासवड एवढंच चाललो. नीरेकाठ दादा लोणंदपासून चालत होते, ते जेजुरीला भेटले. पांढरी टोपी, खांद्यावर प्लॅस्टिकचा कागद, हातात टाळ. त्यांनी आधी डॉक्टरीणबाईंना विचारलं, "पाय बरा का?" आणि त्यांच्या चालीने चालायला लागले.

पाऊस होता, पण रिमझिम. माणसं थोडी, अभंग हळू. जाताना याच रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. शिवरीच्या अलीकडे एक म्हातारी शेताच्या बांधावरून रस्त्यावर आली, हाताला चिखल, आणि वन्संना म्हणाली, "झालं का गं दर्शन?" वन्संनी पंढरपूर केलं नव्हतं. त्या क्षणभर थांबल्या. मग म्हणाल्या, "झालं." आणि तिथेच रस्त्याच्या कडेला उभं राहून तिला सगळं सांगायला लागल्या: स्पेन, डोंगर, लोखंडी क्रूस, कऱ्हेतला खडा, भावोजी. आठ महिन्यांत त्या आमच्याशी एवढं बोलल्या नव्हत्या. म्हातारीला किती कळलं माहीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, चिखलाचा हात पदराला पुसला आणि वन्संच्या गालावरून फिरवला. पालखी पुढे गेली होती. आम्ही थांबलो.

संध्याकाळी सोपानकाकांच्या समाधीचं दर्शन घेऊन वन्संच्या माहेरी गेलो. दादाने बॅगेतून पातेलं काढलं. मुंबईच्या विमानतळापासून ते त्याच्याच घरी होतं. बुडाशी सार्रियातल्या दुधाचा काळा डाग अजून होता. वन्संच्या भावजयीने त्यात पिठलं केलं. सात जणांत कमी पडलं, मग भाकरी आणि ठेचा.

जेवण झाल्यावर सरांनी ते पातेलं मोरीत नेलं आणि राख घेऊन तळ घासायला बसले. डॉक्टर शेजारी जाऊन उकिडवे बसले. बराच वेळ दोघं आत होते. काय बोलले ते आम्ही विचारलं नाही. डाग निघाला नाही. डॉक्टरांनी पातेलं फडक्याने पुसलं आणि वन्संच्या माहेरच्या फळीवर पालथं घातलं. पुढच्या वर्षी वाल्ह्यापासून चालायचं ठरलंय.